तिसरी कॉफी

"बस. तिसरी व्हायची आहे," हाबतोमची आई म्हणाली. दुसरा कप खाली ठेवून मी उठतच होतो. त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी ओतून तिनं मातीची सुरई निखाऱ्यांवर ठेवली. अस्मारात तिसऱ्या कॉफीआधी पाहुणा उठत नाही. घरचा आशीर्वाद त्या तिसरीतच असतो.

"माझा मुलगा तेवढा उठला," ती म्हणाली. "दारातून कुणीतरी हाक मारली, ट्रक निघतोय म्हणून. तसाच पळाला."

तो आघाडीवरून परत आला नाही. मी आलो. त्यानंतर या गल्लीत पाऊल टाकायला मला सतरा वर्षं लागली.

हाक मीच मारली होती. आणि ट्रक त्यानंतर तासभर चौकात उभाच होता. खंदकात हाबतोम एकदाच म्हणाला होता, हसत, "तेवढ्या वेळात चार कॉफ्या झाल्या असत्या रे."

सुरई उकळली. तिनं तीन कप भरले. खोलीत आम्ही दोघंच होतो.

"जास्तीचा एक मी रोज भरते," ती म्हणाली. "निवला की अंगणात ओतते."

"आई, त्या दिवशी..." मी सुरुवात केली.

"मघाशी दारातून हाक दिलीस, तेव्हाच आवाज ओळखला मी." जास्तीचा कप उचलून तिनं माझ्या हातात दिला.

"हा त्याचा. सावकाश पी. आज कुणी हाक मारणार नाही."