तापली की रुसते

त्या शेवटच्या रविवारीही डॅडची जुनी मोटरसायकल नेमकी लिनेटच्या फाटकाशी बंद पडली. “तापली की रुसते गं. थंड होईस्तोवर चहा टाक.”

“विका ना एकदाचं ते धूड!” ती करवादली.

डॅड वारल्यावर तिने कॉइल, प्लग, वायरी तपासल्या आणि डब्बो गावाच्या रणरणत्या उन्हात गाडी तासभर पिटाळली. एकदाही बंद पडली नाही. फक्त हँडलवरचं, इंजिन बंद करायचं लाल बटण अंगठ्याने घासून घासून पांढरं पडलं होतं.

तिने गाडी तडक दफनभूमीच्या फाटकाशी उभी केली. रखवालदार ओरडला, “इथे लावायची नाही, बाई! बंद पडली असेल तर गोष्ट वेगळी.”



“धडधाकट आहे,” लिनेट ठणकावून म्हणाली. “मला डॅडजवळ बसायचंय.”