तांदळातलं नाव

बायकोला आणायला घनश्याम बालाघाटच्या इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासवर जरा लवकरच पोचला आणि खिडकीपाशी थबकला. आत सरांनी जोड्या लावल्या होत्या. त्याच्या बायकोच्या, प्रीतीच्या समोर कडक इस्त्रीच्या शर्टातला अश्विन नावाचा एक तरुण बसला होता.

"व्हॉट इज युवर नेम?" त्यानं विचारलं.

"माय नेम इज सगुणा."

"नाइस टु मीट यू, सगुणा!"

यावर ती अशी खळखळून हसली की घनश्यामच्या अंगाचा तिळपापड झाला.

सगुणा हे तिचं माहेरचं नाव. घनश्यामला ते गावंढळ वाटलं होतं. म्हणून लग्नात ताटातल्या तांदळांत त्यानंच अंगठीनं 'प्रीती' लिहिलं, आणि जुनं नाव तिथंच पुसलं गेलं. निदान त्याला तरी तसं वाटत होतं.

तिला मागं बसवून त्यानं गाडी सुसाट घरी आणली. घरात पाय ठेवताच फुटला, "त्या पोट्ट्याले ते नाव काहून सांगितलं?"

"त्यानं इचारलं, म्या सांगितलं," म्हणत ती चहा ठेवायला आत गेली.

घनश्याम बाहेर जळत बसला. परक्या माणसाला मिळालेलं ते नाव आता त्यालाही तिच्याच तोंडून हवं होतं. शेवटी न राहवून तो स्वयंपाकघराच्या दाराशी आला आणि चाचरत म्हणाला, "माय नेम इज घनश्याम. व्हॉट... व्हॉट इज युवर नेम?"

तिनं गॅस बारीक केला, त्याच्याकडे नीट पाहिलं. हसली मात्र नाही.

"माय नेम इज प्रीती."