ठसका

अकरावीतल्या लेकीला परदेशातल्या विद्यापीठाच्या उन्हाळी वर्गासाठी अर्ज करायचा होता. "निबंधात एखादं दुःख हवं हो, नाहीतर अर्ज बघतो कोण?" अर्ज भरून देणारे सर म्हणाले. सुखातल्या घरात दुःख आणायचं कुठून? लेक रडकुंडीला आली. शेवटी बाबांनीच मार्ग काढला. "मी पाच वर्षांची असताना आई गेली," असं लेकीच्या निबंधात ठोकून दिलं. आईने निबंध वाचला, स्पेलिंगच्या दोन चुका काढल्या आणि म्हणाली, "चांगला झालाय."

मुलाखत व्हिडिओ कॉलवर होती. आईने लेकीची वेणी घातली, लॅपटॉप नीट लावून दिला.



आईच्या आठवणी सांगताना लेकीला ठसका लागला, तेव्हा टेबलाखाली बसलेल्या आईने पाण्याचा पेला खालूनच तिच्या हातात दिला.