पाहुण्याच्या पायांचं पाणी

बीडला निघालेला दिगंबर वाट वाकडी करून चौसाळ्याजवळ जालिंदरच्या शेतावर उतरला. दोघं सहकारी साखर कारखान्यात असताना यंत्रात सापडून दिगंबरच्या डाव्या पायाची करंगळी गेली, तेव्हा याच दोस्तानं त्याला पाठीवर घालून दवाखाना गाठला होता.

दुष्काळात टँकरच्या पाण्यातला एक तांब्या तेवढा पाहुण्याच्या पायांसाठी राखलेला असायचा. आज तो दारात पालथा पडला होता. ओली पावलं उंबरा ओलांडून आत गेली होती. डाव्या पावलाला करंगळी नव्हती.

"पाणी सरलं, पाव्हणं," जालिंदर परक्यासारखा म्हणाला. "आमचा दिगंबर आलाय. तुमी कोण?"

दिगंबरनं बूट काढून डावा पाय पुढं केला. जालिंदरनं तो पाहिला, ओळखला आणि मान खाली घातली.

आतून दिगंबरच्याच आवाजात हाक आली, "जालिंदर, दार लाव बे."

जालिंदरनं दार लावलं.