निरोपाचा दोर

हारांनी मढवलेल्या जिपेत जनरल खानविलकर उभे होते. निवृत्त होणाऱ्या साहेबाची जीप जवानांनी दोराने फाटकापर्यंत ओढत न्यायची, ही पलटणीची रीत.

ध्वनिक्षेपकावर त्यांची कारकीर्द सांगणं चाललं होतं. "कॅप्टन असताना हिमकड्यावरून नऊ जवान सुखरूप उतरवले..."

दहाव्याचं, दरेकरचं, नाव त्यात कधीच नसे. तो दोराला लोंबकळत "थांबा, साहेब!" ओरडत होता; पण सगळेच दरीत ओढले जातील म्हणून खानविलकरांनी दोर कापला होता.

त्या नऊंतले एक, म्हातारे सुभेदार धुमाळ, खानविलकरांना गर्दीत दिसले. "धुमाळ, या! दोराला पहिला हात तुमचा."

धुमाळ जागचे हलले नाहीत. "दरेकरचा दोर मीच धरला होता, साहेब. तो हातातून अजून सुटला नाही."

जयघोषात जीप निघाली.

"थांबा!" खानविलकर ओरडले.

कोणीच थांबलं नाही.