तिला विंचेस्टरच हवी होती

"ती खाली ठेवा," बंदुकांचा दुकानदार ऑर्विन म्हणाला. "पहिल्याच बाराला खांदा निखळेल तुमचा."

जोलीन टॅगर्टने रायफल खाली ठेवली नाही. काउंटरवर आणखी तीन रायफली ओळीने मांडलेल्या होत्या. वजनाला हलक्या, झटका कमी देणाऱ्या, बर्फात गंज न धरणाऱ्या. पहिल्यांदाच रायफल घेणाऱ्याला ऑर्विन याच दाखवायचा. जोलीनच्या हातात होती ती कोपऱ्यातली विंचेस्टर. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, चांगलं साडेचार किलो वजन. 'वापरलेली' असं लिहिलेली चिठ्ठी दोन वर्षं तिच्या चापाला लटकत होती.

अमेरिकेतल्या मोंटानाच्या त्या भागात रायफलीच्या कंपनीवरून सोयरिकी मोडायच्या तेवढ्या राहिल्या आहेत. ज्याच्या आजोबांनी जी वापरली तीच खरी, बाकीच्या सगळ्या भंगार. त्यामुळे शेगडीपाशी फुकटची कॉफी पीत बसलेला बड तोंड घालणार हे ठरलेलंच होतं.

"रेमिंग्टन घ्या हो बाई. डोळे मिटून घ्या."

"तू डोळे मिटूनच मारतोस," ऑर्विन म्हणाला. "गेल्या साली एल्क हरीण सोडून स्वतःच्या कुंपणाला गोळी घातलीस."

"कुंपण जवळ होतं!"

जोलीन हसली नाही. पन्नाशीची बाई, साठ मैल बर्फातून गाडी हाकत आली होती आणि अजून तिने हातमोजेसुद्धा काढले नव्हते. ऑर्विनने नेहमीचे प्रश्न विचारले. शिकार कशाची करणार? कशाचीच नाही. मग निशाणा लावायला शिकायचंय? नाही. काडतुसं किती देऊ?

"काडतुसं नकोत."

ऑर्विनला हे गिऱ्हाईक बरं वाटेना. तीस वर्षांत त्याने नाना तऱ्हेची माणसं पाहिली होती. रायफल घेऊन काडतुसं नको म्हणणारं माणूस घरी जुनी काडतुसं ठेवून आलेलं असतं, आणि ती कशासाठी, हे विचारलेलं बरं असतं. त्याने रायफलीच्या नळीवर हात ठेवला.

"बाई, घरी सगळं ठीक आहे ना?"

"नाही," जोलीन म्हणाली. मग तिने एका दमात सांगून टाकलं.

"वडिलांची अगदी अशीच होती. चाळीस वर्षं दाराशेजारी टांगलेली. आता त्यांना विसर पडतो. ऑक्टोबरात मी गोठ्यातून घरात शिरले, तर त्यांनी माझ्यावरच रोखली. मी कोण तेच कळलं नाही त्यांना. दुसऱ्या दिवशी भावाने ती नेली आणि विकून टाकली. त्यांना त्यातलं काहीएक आठवत नाही. आठवते फक्त रायफल. रोज सकाळी बर्फात शोधायला निघतात. परवा बूट न घालताच गेले. पायाची दोन बोटं थंडीने काळी पडलीत. पुढच्या खेपेला मला ते जिवंत सापडतील असं वाटत नाही."

तिने दस्त्यावरून हात फिरवला.

"दिसायला तीच हवी. फक्त सुटायला नको."

बडने कॉफीचा कप खाली ठेवला. त्याला रेमिंग्टनचं नाव घ्यायचं सुचलं नाही, ही त्या दुकानातली मोठीच गोष्ट होती.

"काडतुसावर आपटते त्या पिनचं टोक घासून देतो," ऑर्विन म्हणाला. "चाप ओढला की आवाज होईल. काडतुसाला मात्र पिन पोचणार नाही."

"त्यांना कळेल?"

"आवाजावरून नाही कळणार."

फॉर्म भरून झाला, फोनवर सरकारी होकार आला, पिन घासून झाली. ऑर्विनने चिठ्ठीवरच्या किमतीतले शंभर डॉलर आपणहून कमी केले. कमी केल्याबद्दल कोणी काही बोलू नये म्हणून तो लगेच आत गेला.

दुपारी जोलीनने रायफल दाराशेजारच्या खुंट्यांवर ठेवली आणि वडिलांना हाक मारली. एमेट टॅगर्ट लंगडत आले. मग रायफल काढून त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणली, जुना शर्ट पसरला आणि पिन ज्यात असते तो बोल्टचा दांडा बाहेर काढला. थंडीत तेल घट्ट होतं, म्हणून त्या पिढीची माणसं हिवाळ्यात बोल्ट रॉकेलने पुसून कोरडा ठेवतात. पुसून झालं की पिन पुढे सोडून टोकावर अंगठा फिरवतात. हे जोलीनला लहानपणापासून माहीत होतं. दुकानात मात्र ते तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

ती पाठ करून बटाटे सोलत राहिली. मागे पुसण्याचा आवाज थांबला. अंगठा जिथे थांबायचा तिथेच थांबला असणार. आता ते ओरडतील, रायफल फेकतील, खरी कुठे आहे म्हणून पुन्हा बर्फात धावतील. दाराची कडी लावली आहे का, हे तिने हळूच पाहून घेतलं. लावलेली नव्हती.

एमेटनी बोल्ट परत घातला. रायफल उचलून खुंट्यांवर ठेवली, सरळ केली आणि येऊन खुर्चीत बसले.

"पिन घासून आणलीस?"

"हो, बाबा."

"बरं केलंस. सापडली की नदीत टाकायची, असं ठरवलं होतं मी," ते म्हणाले. "त्या दिवशी मी रोखली तेव्हा दारात तू होतीस, जोलीन."