उंटावरचं घर

"हात लावून तर बघ! उभं राहायच्या आधी पुरुषाचा हात लागला तर घर मोडतं, माहीत नाही का तुला?" हावो दोन्ही हात पसरून उंटासमोर उभी राहिली.

"आत्या, मी कुठे लावतोय? हात खिशात आहेत माझे," बुटका गुलेद म्हणाला. "आणि माझा हात उंटाच्या पाठीपर्यंत पोचणार तरी आहे का?"

वऱ्हाडातल्या बायका खुसखुसल्या. हावो नाही हसली. उंटाच्या पाठीवर तिच्या लेकीचं, उबहचं, घर होतं. वाकवलेल्या काठ्या, गवताच्या चटया, कातडी, दुधाचे घडे, सगळं दोरांनी आवळलेलं. आई आणि मावश्यांनी वर्षभर बसून विणलेलं. आता विहिरीपलीकडच्या वस्तीवर बायकाच ते उभं करणार होत्या, आणि मग त्यात उबह आणि तिचा होणारा नवरा सामतर राहणार होते.

त्याच विहिरीच्या भांडणात त्याच्या आणि तिच्या, दोन्ही कुळांची माणसं मेली होती. म्हाताऱ्यांनी बाभळीखाली बसून कसाबसा तह जमवला होता, आणि तो पक्का करायला हे लग्न. उबहला तहाचं काही नव्हतं. तिला सामतर आवडत होता.

ग्रासिएलाबाई लांबची, उरुग्वेची. या देशात बाहेरून शस्त्रं यायची नाहीत अशी जगाच्या पंचांनी बंदी घातली होती. ती पाळली जाते का हे बघत बाई उन्हातान्हात फिरायची, आणि गुलेद तिचा दुभाष्या. आज कुणीतरी कळवलं होतं की या रस्त्याने बंदुका विहिरीकडे निघाल्यात, म्हणून बाईने नाक्यावर वऱ्हाड तपासायला थांबवलं होतं. नाक्यावरचे शिपाई नवरीच्याच कुळातले. ते उंट सोडून सगळीकडे बघत होते.

"बाईमाणसाचा हात चालेल ना, आत्या?" गुलेदने विचारलं.

हावोने ग्रासिएलाबाईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "लेकरं आहेत का हिला?"

"तीन."

"मग ये म्हणावं. पण गाठ मीच सोडणार."

बायकांनी गाणं म्हणत उंटाला बसवलं. हावोने गाठ सोडली, बाईने चटई बाजूला केली. काठ्यांच्या मधून एक काळी नळी बाहेर आली. मग आणखी एक. मग ढीगच. नव्याकोऱ्या बंदुका, अंगाला अजून तेल. बायकांचं गाणं तिथेच तुटलं.

उबहने थोरल्या भावाकडे पाहिलं. शिर्वा आपल्या गाडीला टेकून नशेचा पाला चघळत होता. पहाटे उंट लादून झाल्यावर राखणीला मीच थांबतो म्हणून तोच हट्टाला पेटला होता. उद्या लग्नाचं जेवण होणार, सामतरची माणसं पोटभर खाऊन आडवी होणार. पुढचं तिला कुणी सांगायला नको होतं.

"काढ, बाई, फोटो काढ," शिर्वा म्हणाला. "माझाही काढ एक. लग्नाचे कपडे आहेत."

त्याला ही माणसं ठाऊक होती. बघायचं, फोटो काढायचा, वर कळवायचं. जप्तीचा अधिकार यांना नाही.

"कुणाच्या आहेत या?" बाईने विचारलं.

गुलेदने हे इतकं बोंबलून सांगितलं की रस्ता ओलांडणाऱ्या शेळ्या थबकल्या. वर स्वतःची भर घातली, "नीट ऐका हं! मालक सापडला तर त्याचं नाव वर जाणार. परदेशातलं खातं बंद, विमान बंद. मालकाने आपणहून दिल्या तर नाव नाही, गाव नाही. इथल्या इथे कापून टाकू. यंत्र गाडीतच आहे. शिर्वाशेठ, दुबईत दुकान तुमचंच ना? या तुमच्या का?"

"माझ्या? छे!"

"बघा हं. घाई नाही."

"अल्लाची शपथ, माझ्या नाहीत. बेवारस असतील. बेवारस माल नाक्यावर जमा करतात ना? करा."

शिपायांनी खुशीत माना डोलावल्या. माल रात्रीपर्यंत कुणाच्या गाडीत असेल, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

बाईने कॅमेरा खाली घेतला. "मला इथवरच येतं करता," ती हळूच म्हणाली. गुलेदने तेवढं मात्र कुणाला सांगितलं नाही.

उबह पुढे आली.

"आई, हे घर कुणाचं?"

"तुझंच की गं. आणखी कुणाचं?" हावो डोळे पुसत म्हणाली.

"आणि आतल्या चटया, घडे?"

"तुझेच. नवरीच्या घरात जे बांधलं ते नवरीचं. नवऱ्याचासुद्धा त्यावर..." हावो बोलता बोलता थांबली. तिने मान वर केली.

"मग गुलेदकाका, बाईला सांगा," उबह म्हणाली. "या माझ्या आहेत. आणि मी त्या आपणहून देतेय."

गुलेदला भाषांतर करायचंही भान राहिलं नाही. मग त्याने ते केलं, आणि लगेच सगळ्यांना ऐकू जावं म्हणून पुन्हा केलं.

शिर्वाच्या तोंडातला पाला तसाच राहिला. "ए उबह, डोकं फिरलं का तुझं? त्या..."

"त्या काय, शिर्वा?" काठी टेकत वऱ्हाडातला सगळ्यात म्हातारा पुढे झाला. "बोल ना. आत्ताच अल्लाची शपथ घेतलीस तू."

शिर्वाने तोंडातला पाला थुंकला. शिपाई जोडे बघू लागले. गुलेदने बाईच्या गाडीचं मागचं दार उघडून यंत्राची दोरी खेचली. ते दोनदा खोकलं आणि घुरघुरायला लागलं.

उबहने एक बंदूक उचलली, नीट पेलेना, तशी छातीशी धरली. मग भावाकडे वळून, लहानपणी पाण्याचा घडा उचलायला हाक मारायची तशीच ती म्हणाली,

"दादा, उचलू लाग ना. जड आहेत."